कुठलेच-नाही मंडळाच्या जॉर्जियाबाई

रोझा पार्क्सबाईंचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, शिवणकामावर पोट भरणाऱ्या या कृष्णवर्णीय भगिनीने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीय जनतेने बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग पुढारी म्हणून जगापुढे आले ते याच लढ्यातून. एवढे तर आपल्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणांतही येते. पण ३८१ दिवस चळवळ चालली ती कशावर, पैसा आणला कोणी, हे सहसा कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो, कारण आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम., आणि वस्तीतल्या विहाराचा जमाखर्च बरीच वर्षे आमच्याच हाती आहे. मोर्चा निघाला की लोकांना निळे झेंडे दिसतात, आम्हाला आधी टेम्पोचे भाडे दिसते!

माँटगोमेरीचा खर्च काही थोडाथोडका नव्हता. बसने जाणारे सुमारे चाळीस हजार कृष्णवर्णीय लोक रोज कामावर पोचवायचे होते. पुष्कळजण पायी गेले. बाकीच्यांसाठी सुमारे तीनशे खाजगी मोटारी ठरल्या वेळी ठरल्या नाक्यावर उभ्या राहत. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्याही विकत घेतल्या. म्हणजे पेट्रोल आले, टायर आले, दुरुस्ती आली. तिथल्या विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले तेव्हा लंडनच्या लॉइड्समार्फत विमा उतरवावा लागला. देशातून आणि देशाबाहेरून देणग्या आल्या हे खरे. पण दर आठवड्याला गावातूनही पैसा यायचा, आणि त्यातला एक नेमाने येणारा हिस्सा यायचा जॉर्जिया गिलमोर यांच्या चुलीवरून.

जॉर्जियाबाईंचा जन्म ५ फेब्रुवारी १९२० चा, माँटगोमेरी परगण्यातलाच. सहा मुलांची आई. शहरातल्या एका खानावळीत स्वयंपाकीण म्हणून नोकरी, शिवाय सुईणीचे काम. अंगाने धिप्पाड, आवाज मोठा, स्वभाव बोलका. थट्टा केल्याशिवाय त्या कोणाला घास भरवत नसत. डॉ. किंग यांनाही त्यांच्या थट्टेतून सुटका नव्हती, आणि डॉ. किंग या धिप्पाड बाईंना ‘टायनी’, म्हणजे ‘चिमुकली’, म्हणायचे. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एक बाई असते. नळावर तिचाच आवाज, बाळंतपणाला तीच, मयतालाही तीच, आणि भांडण सोडवायलाही तीच. तिला कोणी कार्यकर्ती म्हणत नाही. मावशी म्हणतात.

पार्क्सबाईंच्या अटकेच्या आधीच, ऑक्टोबर १९५५ मध्ये, जॉर्जियाबाई एका बसमध्ये चढल्या आणि पुढच्या दाराशी पैसे भरले. चालकाने त्यांना खाली उतरून मागच्या दाराने चढायला सांगितले. त्या उतरून मागे पोचायच्या आत त्याने बस हाकली. पैसे गेले, बसही गेली. त्या दिवशी या बाईंनी ठरवले की पुन्हा या बसमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हणजे शहराचा बहिष्कार सुरू होण्यापूर्वी त्यांचा एकटीचा बहिष्कार सुरू झालेला होता.

पुढे मार्च १९५६ मध्ये बहिष्कार घडवून आणल्याबद्दल डॉ. किंग यांच्यावर खटला चालला. जॉर्जियाबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि ही हकिगत त्यांनी भर कोर्टात सांगितली. भाड्याचे पैसे घेताना हा काळ्याचा पैसा की गोऱ्याचा असे कोणी पाहत नाही, मग बसायच्या वेळी का पाहतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. साक्ष दिली आणि खानावळीतली नोकरी गेली. सहा मुले घरात. डॉ. किंग यांनी त्यांना सुचवले की, तुमच्या हाताला चव आहे, घरीच खानावळ काढा. पहिली भांडीकुंडी घ्यायला त्यांनी पैसेही दिले असे सांगतात.

त्यांचे खरे मोठे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते. ओळखीच्या बायकांत वर्गणी काढून त्यांनी चौदा डॉलर जमवले. त्यातून कोंबड्या, पाव, थोडा भाजीपाला आणला आणि सँडविच करून चळवळीच्या सभेतच विकले. नफा सभेला दिला. मग हे वाढत गेले. तळलेली मासळी, शिजवलेली पालेभाजी, रताळ्याचे पाय, लोण्याचे केक. केशकर्तनालयात, लाँड्रीत, टॅक्सीच्या नाक्यावर, जिथे चार माणसे जमतात तिथे या बायका खाणे घेऊन जात. काही आठवड्यांना शंभर-दोनशे डॉलर जमत. शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनीही असेच मंडळ काढले. मग सभेत कोणाची रक्कम जास्त याची चुरस लागे, आणि आकडा जाहीर झाला की सगळी सभा पाय आपटून दाद देई. (आपल्याकडे जयंतीला दोन वस्त्यांत डीजेचा आवाज कोणाचा मोठा याची चुरस लागते, ते जाता जाता आठवले.)

जॉर्जियाबाईंच्या मंडळाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, आपल्या भाषेत ‘कुठलेच-नाही मंडळ’. नाव गमतीचे वाटते, पण त्यात कारकुनी शहाणपण भरलेले आहे. केक करणाऱ्या बायका बहुतेक गोऱ्यांच्या घरी मोलकरणी नाहीतर स्वयंपाकिणी होत्या. मालकिणीला कळले की नोकरी जाणार. घर भाड्याचे असेल तर घरही जाणार. केक विकत घेऊन मदत करणाऱ्यांत काही गोरी माणसेही होती, त्यांनाही बोभाटा नको होता. तेव्हा पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर खरे उत्तर तयार असे, कुठूनच नाही! कोणी किती दिले हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. वहीत नाव नाही.

हे प्रथम वाचले तेव्हा आमच्यातला हिशोबनीस अडखळला. पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही हा आमचा बाणा, आणि तो आम्ही सोडणार नाही. पण आमच्या वस्तीत एक आजी आहेत. शेजारच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करतात. दर १४ एप्रिलच्या आधी पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन नोटा काढून देतात आणि म्हणतात, “नाव नको लिहू बाबा. बाईसाहेबांनी कुठं वाचलं तर म्हणतील, वर्गणीला पैसे हायेत, मग पगार वाढवा कशाला म्हणतीस?” त्यांची पावती आम्ही ‘एक उपासिका’ म्हणून फाडतो. हिशोब तपासणारे गृहस्थ दरवर्षी त्या ओळीवर बोट ठेवतात. विहाराच्या दाराशी संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोरली आहेत. अकराशेच्या वर देणाऱ्यांचीच, असा ठराव आहे. आजींनी इतक्या वर्षांत दिलेल्या रकमेची बेरीज केली तर ती अकराशेच्या पुष्कळ पुढे जाते. ती आम्ही करून पाहिली आहे. पण नावच नको असलेल्या माणसाचे नाव पाटीवर घालायचे कसे, यावर कार्यकारिणीत अजून एकमत नाही.

जॉर्जियाबाईंच्या घरच्या खानावळीत टेबल एकच. त्याभोवती मंत्रिपदावरचे लोक, प्राध्यापक, चर्चचे पाळक, मजूर असे सगळे. शहरातल्या उपाहारगृहांत गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसणे कायद्याने बंद होते तेव्हा या घरात ते गुडघ्याला गुडघा लावून जेवत. डॉ. किंग गुप्त बैठकी इथे घेत. चवळीची उसळ आणि तळलेली कोंबडी पुढे असताना लढ्याचे डाव ठरत. सहभोजनाचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. मात्र इथे ते कोणी कार्यक्रम म्हणून भरवले नव्हते. एका बाईला माणसांची आवड होती, आणि पोटही भरायचे होते.

या बाई कोर्टाची पायरी पुन्हा चढल्या. १९५७ मध्ये त्यांचा मुलगा मार्क कामावरून येताना ओक पार्क या गोऱ्यांसाठी राखीव बागेतून चालला म्हणून पोलिसांनी त्याला मारले. डिसेंबर १९५८ मध्ये जॉर्जियाबाई आणि इतरांनी शहराविरुद्ध दावा लावला. कृष्णवर्णीयांना बागा खुल्या करण्याऐवजी शहराने सगळ्या बागाच सर्वांना बंद केल्या! महाडला चवदार तळे आपल्या स्पर्शानंतर ‘शुद्ध’ करणाऱ्यांचीच ही भावंडे. बागा १९६५ साली उघडल्या. हा दावा पुढच्या प्रश्नांसह १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथल्या कायद्याच्या पुस्तकांत ‘गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ असाच नोंदला गेला. पाटी नसलेल्या मंडळाच्या बाईचे नाव इथे मात्र छापून आले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपले आईवडील, आजेआजी नागपूरला शुभ्र वस्त्रांत उभे होते. बांधून नेलेल्या भाकरीवर कित्येकांनी दिवस काढले. त्याच दिवशी माँटगोमेरीत लोक पायी चालत होते आणि या बायका केक भाजत होत्या. १३ नोव्हेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद रद्द ठरवला. २० डिसेंबरला बहिष्कार संपला. मधल्या ६ तारखेला आपण पोरके झालो होतो. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची गंधवार्ता नव्हती.

जॉर्जियाबाईंचा मृत्युलेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापला तो २०१९ मध्ये, राहून गेलेल्या माणसांच्या सदरात. त्या वारल्या होत्या मार्च १९९० मध्ये. सेल्मा ते माँटगोमेरी या १९६५ च्या पदयात्रेला तेव्हा पंचवीस वर्षे होत होती आणि स्मरणयात्रेला येणाऱ्यांसाठी त्यांनी पहाटेपासून कोंबडी आणि चीज घातलेली मॅकरोनी रांधायला घेतली होती. त्यातच प्रकृती बिघडली. सांत्वनाला जी माणसे घरी आली, त्यांना मुलाबाळांनी तेच जेवण वाढले.