घर की झाड?

माझे पोटापाण्याचे काम नकाशांचे. विमानातून जमिनीवर लेझरचे किरण सोडायचे, ते परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचे, आणि मग हाती येतात कोट्यवधी ठिपके. हेच लायडार. ठिपक्याला आपली जागा आणि उंची ठाऊक; तो छपराचा की फणसाच्या पानाचा, हे आपण ठरवायचे. रूढ संकेत असे: जमीन २, उंच झाडी ५, इमारत ६.

संगणक हे ओळखतो सपाटपणावरून. एका ठिपक्याचे शेजारी गोळा करायचे आणि त्यांतून एक सपाट प्रतल बसवून पाहायचे. ठिपके प्रतलाला चिकटून असले तर छप्पर, विखुरले तर झाड. पण चिकटून म्हणजे किती? 'लासक्लासिफाय' या आज्ञावलीत ही मर्यादा मुळात १० सेंटीमीटर असते. काँक्रीटच्या स्लॅबला ती शोभते हो, पण आमच्या नळ्यांच्या छपराला?

खाजनाकडेच्या एका गावाचे काम आले होते. पूर आला तर किती घरांत पाणी शिरेल, ते काढायचे होते. पहिल्या निकालात नवे बंगले नेटके उमटले आणि वाड्यावरची जुनी घरे चक्क झाडीत गेली! नळ्यांच्या उंचसखलपणातच काही सेंटीमीटर जातात, त्यात वासे वाकलेले, वर शेवाळ नि पाचोळा. संगणकाला ते रानच वाटले. आणि झाडात पाणी शिरले तर मोजतो कोण?

मर्यादा २० सेंटीमीटर केली. घरे परत आली, पण आंब्याच्या दाट शेंड्यांचे काही तुकडेही घरे झाले.

देवळाच्या घुमटाची तऱ्हा वेगळीच. तीन मीटर त्रिज्येच्या घुमटावर दोन मीटरपर्यंतचे शेजारी घेतले, तर कडेला वाक साठ सेंटीमीटरांहून अधिक भरतो. अर्ध्या मीटरपर्यंतचे घेतले तर जेमतेम चार. मग शेजारच लहान करावा? आमच्याकडे चौरस मीटरला चारच ठिपके होते. अर्ध्या मीटरच्या वर्तुळात सापडतात तीन, आणि तीन ठिपक्यांतून प्रतल नेहमीच जाते. फणसाच्या तीन पानांतूनसुद्धा! संगणक खूश, नकाशा भ्रष्ट.

शेवटी मर्यादा सैल ठेवून दुसरी साक्ष काढली. झाडात शिरलेला किरण पानावरून, फांदीवरून, जमिनीवरून असा दोन-तीनदा परततो. छपरावरचा बहुधा एकदाच. त्याने बरेच आंबे गळाले. घुमट मात्र हवाई छायाचित्र शेजारी ठेवून हातानेच भरला. सगळे आकड्यांवर सोडावे, या मताचा मी नाही.

एक घर तेवढे राहिले. आढे मोडलेले, माजघरातून पिंपळ वर आलेला. तिथे अर्धे ठिपके ५, अर्धे ६, आणि ते खरेच होते. पण पुढच्या पडवीत एक म्हातारी अजून राहते, असे गावातून कळले. पडवीच्या ठिपक्यांवर ६ घातला आणि फाईल पाठवून दिली.