फळ्यावरचे घर

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते आणि काम जागच्या जागी थांबते. पेटीत फोटो असतात. "ही कोण ग?" "माईआत्या असेल." "छे, माईआत्या इतकी उंच कधीच नव्हती!" असा संवाद आपल्यापैकी कोणाच्या घरी झाला नसेल? ज्यांनी खात्रीने सांगितले असते, त्यांच्याच फोटोला एव्हाना हार पडलेला असतो.

एका घराची ही गत. मग अवघ्या जगाचा संसार मांडून बसलेल्या संस्थेची काय होत असेल! युनेस्को 1945 साली स्थापन झाली. तेव्हापासून तिची माणसे जिथे जिथे गेली तिथले फोटो, चित्रपट आणि ध्वनिफिती पॅरिसच्या तिच्या कचेरीत साठत गेल्या. या वस्तूंनाही म्हातारपण असते. ॲसिटेटची फिल्म जुनी झाली की आकसते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. त्याआधीची नायट्रेटची फिल्म तर एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. जानेवारी 2003मध्ये पुण्यात, एकेकाळच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, अशीच जुनी रिळे जळून गेली. जे गेले ते कोणत्याही पैशाने परत आणता येत नाही.

चलत्चित्रे जपावीत अशी शिफारस युनेस्कोने 1980 साली साऱ्या देशांना केली. त्याची आठवण म्हणून 27 ऑक्टोबर हा दिवस जगभर पाळतात. पुष्कळदा तो आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो. पुढे या संस्थेने जपानच्या मदतीने स्वतःचीही पेटी उघडली. जुने फोटो आणि फिती संगणकावर उतरवून त्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या करण्याचे काम हाती घेतले.

युनेस्कोने 1949 साली युरोपातल्या मुलांच्या फोटोंचे एक पुस्तक काढले होते. आदल्या वर्षी युनिसेफसाठी डेव्हिड सेमूर नावाचा फोटोग्राफर पाच देश हिंडला होता. मित्र त्याला 'चिम' म्हणत. तो मूळचा वॉर्साचा. त्याचे आईवडील नाझींनी मारलेले. त्याच वॉर्सातल्या एका शाळेत त्याने तेरेस्का नावाच्या मुलीचा फोटो घेतला. "तुझे घर काढ," असे तिला सांगितले होते. मी मास्तर माणूस. फळ्यावर मुलांनी काढलेली शेकडो घरे पुसली आहेत. दोन खिडक्या, कौले, शेजारी एक झाड. तेरेस्काच्या फळ्यावर मात्र नुसता खडूचा गुंता आहे, आणि डोळे मोठे करून ती आपल्याकडे बघते आहे.

ती छळछावणीत वाढली, असे पुढे लोक लिहीत राहिले. जवळजवळ सत्तर वर्षांनी पोलंडमधल्या संशोधकांनी ती शाळा आणि ती मुलगी शोधून काढली. ती छावणीत नव्हतीच. 1944च्या वॉर्सातल्या बाँबवर्षावात तिच्या डोक्याला इजा झाली होती, आणि ती इजा जन्मभर पुरली. 1978 साली ती वारली. तोवर तिचा चेहरा जगभर फिरला होता. तिची हकीगत मात्र दुसऱ्याच कोणाची तरी सांगितली जात होती. चिमही 1956 साली सुएझजवळ गोळीबारात मारला गेला. विचारायचे तरी कोणाला?

फोटो टिकला, पण त्याखालची ओळ टिकली नाही, तर निम्मेच टिकले असे मला वाटते. मी कादंबऱ्या लिहितो. पात्राला नाव सापडेपर्यंत माझे पान पुढे सरकत नाही. पण त्या नावाची खरी किंमत मला एका बाईंनी शिकवली. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत सातवीत असताना तापाने गेला. पुढे पुरात घरातले सारे भिजले, त्यात त्याचे फोटोही गेले. शाळेत येऊन त्या म्हणाल्या, "गुरुजी, वर्गाचा ग्रुप फोटो काढला होता ना?"

कपाटातून तो निघाला. चाळीस चेहरे शाबूत. खालची नावांची पट्टी वाळवीने खाल्लेली. बाईंना पट्टी लागलीच नाही. त्यांचे बोट सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन थांबले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बटण तुटलंय बघा. मी लावून देणार होते."

आमच्या एका तरुण शिक्षकाने मोबाईलवर फोटो उतरवून त्यांना मोठी प्रत करून दिली. बाई गेल्यावर मी उरलेल्या एकोणचाळीस चेहऱ्यांकडे बघत बसलो. यांच्यावर बोट ठेवायला कोण येणार? आमच्या निवृत्त शिपाईमामांना निरोप धाडला. मास्तरांना गुणवान मुलांची नावे आठवतात आणि मामांना उशिरा येणाऱ्यांची. दोघांनी मिळून तीस नावे जमवली. ती मी पाठीमागे पेन्सिलीने लिहिली आहेत. दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलाचे सर्वांत आधी. नऊ जागा अजून रिकाम्या आहेत. सुट्टीत गावी आलेले जुने विद्यार्थी भाऊबिजेनंतर भेटायला येतात. यंदा चहाबरोबर त्यांच्यापुढे हा फोटोही ठेवणार आहे.