जावरच्या मुशी

उदयपूरहून दक्षिणेकडे अरवलीच्या टेकड्यांतून सुमारे 40 किलोमीटर गेल्यावर जावर लागते. तेथे चालू खाणीच्या यंत्रसामग्रीपेक्षा अधिक लक्ष वेधतात त्या जुन्या वस्तीच्या भिंती, कारण त्यांत दगडाविटांऐवजी वापरून टाकलेल्या मातीच्या मुशी रचलेल्या आहेत. आच लागून प्रत्येक मुशीचा पृष्ठभाग वितळून चकाकी धरलेला आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा मुशीला वृंताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, म्हटले आहे.

मेवाडच्या इतिहासात येथील चांदीच्या खाणींचे श्रेय महाराणा लाखाच्या कारकिर्दीला देतात. पण जावर माला टेकडीतील जुन्या खाणकामात सापडलेली लाकडे दोन हजार वर्षांहून जुनी ठरली आहेत. त्या काळी खडकाशी लाकडे पेटवून तो तडकवीत आणि मग खनिज फोडून काढीत. तरीही जावरची खरी करामत खाणीत नव्हे, जस्त गाळणाऱ्या भट्टीत होती. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते, आणि कोळशाच्या साहाय्याने ते खनिजातून सुटते ते याहूनही अधिक तापमानाला. त्यामुळे धातू वाफेच्या रूपातच जन्मतो आणि हवा लागताच पुन्हा भस्म होतो. येथील कारागिरांनी भरलेल्या मुशी भट्टीत उलट्या ठेवल्या, तोंडात काडी खोचून आतला माल अडवला आणि काडी जळून झालेल्या वाटेने वाफ खालच्या थंड कप्प्यातील भांड्यांत उतरवून गोठवली. एका भट्टीत 36 मुशी बसत. पितळेला लागणारे जस्त धातुरूपात मिळू लागल्याने मिश्रणाचे प्रमाण हवे तसे राखता येऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा उद्योग बंद पडला. 1966 मध्ये हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन होऊन जावरच्या खाणी तिच्याकडे आल्या, आणि 2002 मध्ये सरकारने कंपनीचा ताबा खाजगी उद्योगाकडे दिला. आज जस्ताचा सर्वांत मोठा खप लोखंडी पत्र्यांना गंजरोधक मुलामा देण्यात होतो.

युरोपात विल्यम चॅम्पियनने 1738 मध्ये पेटंट घेतलेली पद्धतही वाफ खाली उतरवण्याचीच होती. ती जावरवरून गेली असा तर्क केला जातो, पण तो सिद्ध झालेला नाही. जावरच्या भट्ट्या मात्र 1980 च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या संयुक्त उत्खननात मुशींसह जागच्या जागी सापडल्या. उदयपूरची तळी पाहणाऱ्यांनी अर्धा दिवस जावरसाठी राखावा, आणि भिंतीतली मूस आठवण म्हणून उचलू नये.