गळाला काय लावावे?

दिल्लीपासून समुद्र फार लांब. सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या मुलांना पाणी ठाऊक असते ते नळाचे. फार तर यमुनेच्या पुलावरून दिसते तेवढे. अशा या वसाहतीतील आमच्या घरी गेले काही आठवडे रात्रीच्या जेवणाच्या वेळी एकच चर्चा चालू आहे: गळाला आमिष कोणते लावावे? दसऱ्याच्या सुटीत आम्ही रत्नागिरीला जाणार आहोत, आणि आमची दहा वर्षांची कन्या प्रथमच आपल्या आजोबांबरोबर मांडवीच्या जेटीवर मासे गरवायला बसणार आहे.

हा बेत आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. दिसते कमी, आणि गाठ मारताना हात थरथरतात. माझ्या लहानपणी गळ आणि तंगूस घेऊन ते निघत, तेव्हा बरोबर माझे दोघे भाऊ जात. मुलींनी खडकावर जायचे नाही, अशी त्या वेळी घराची रीत होती. पुढे भाऊ नोकरीनिमित्त परदेशी गेले आणि गळ माळ्यावर गेले. गेल्या महिन्यात बाबा स्वतःहून दूरध्वनीवर म्हणाले, "अगं, या खेपेस नातीला माझ्याबरोबर बसव. मला येते ते कोणाला तरी देऊन ठेवायला हवे." त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती, पण पुढच्या वर्षाची भाषाही नव्हती.

माझा व्यवसाय भाषांतराचा. त्यामुळे आधी मन गुंतले ते शब्दांत. गळ टाकून मासे धरणे या साऱ्या क्रियेला कोकणात 'गरवणे' हे एकच क्रियापद पुरते. 'आमिष' या शब्दाची हकीकत तर अधिक मनोरंजक आहे. आज 'आमिष दाखवणे' म्हटले की लबाडी डोळ्यांपुढे येते. परंतु संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणूनच मांसरहित भोजनाला निरामिष म्हणतात. गळाला लावायचे आमिष हे मुळात खाद्यच आहे, आणि ते कोणाला रुचावे याचा विचार केल्याखेरीज त्याची निवड होत नाही.

बाबांचा पहिला नियम हाच आहे. मासा त्या जागी रोज जे खातो, तेच त्याच्यापुढे ठेवावे. चित्रांच्या पुस्तकात प्रत्येक गळाला गांडूळ लोंबत असते, म्हणून आमच्या कन्येनेही वसाहतीतल्या बागेतून गांडुळे न्यायचे ठरवले होते. गांडूळ नदीवर उपयोगी पडते. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरते आणि लुळे पडते. समुद्राच्या माशाला समुद्राचेच अन्न द्यावे हे बरे.

तेथेही सर्वांची आवड एक नाही. मुंबईकडे नगली आणि मालवणकडे मुडदुसा म्हणतात तो मासा वाळूच्या तळाशी चरतो. त्याचे तोंड लहान. त्याला ओल्या वाळूतले किडे किंवा कोळंबीचा छोटासा तुकडा पुरतो. खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या तांबोशीला कोळंबी, लहान कुर्ली किंवा ताज्या मासळीचा तुकडा आवडतो. शिंगाळ्याच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या सूक्ष्म कलिका असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही तो अन्नापर्यंत पोचतो. त्याच्यासाठी तारली किंवा बांगडा यांसारखी तेलकट, वासाची मासळी उत्तम. बोय मात्र शेवाळ आणि गाळातले बारीक कण खाणारी; तिला कणकेची गोळी चालते. हे 'निरामिष आमिष' ऐकून आमची कन्या फार हसली.

एवढे बारकावे पाहणारे आपण पहिले नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मासे, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी आणि दोरी यांचा त्यात विचार केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. राजाला जे लिहून ठेवावेसे वाटले, ते कोकणातल्या घरोघरी तोंडी चालत आले. आणि तोंडी विद्या ऐकणारा मिळेपर्यंतच टिकते.

आता तयारीविषयी. नवशिक्याने आमिषाचे दोनच प्रकार घ्यावेत, असे बाबांचे मत: कोळंबी आणि माकूळ. कोळंबी बहुतेक सर्व मासे खातात, पण ती मऊ असते आणि बारीक मासे टोचून टोचून ती पळवतात. म्हणून आदल्या दिवशी ती जाड्या मिठात थर देऊन ठेवावी. मीठ तिच्यातले पाणी ओढून घेते, मांस घट्ट होते आणि उन्हात लवकर नासत नाही. कवच काढू नये. शेपटीकडून गळ शिरवून अंगाच्या बाकाबरोबर फिरवावा आणि त्याचे टोक किंचित बाहेर ठेवावे. टोक झाकले गेले तर मासा आमिष चघळून सोडून देतो. माकूळ मुळातच चिवट. त्याच्या बोटभर लांब, अरुंद पट्ट्या कापून एका टोकाशी एक-दोनदा ओवाव्यात, म्हणजे उरलेला भाग प्रवाहात हलत राहतो. सारी पट्टी गळावर गुंडाळली तर तिचा नुसता गोळा होतो.

तारलीसारखी मऊ मासळी वापरायची असेल तर तुकडा शिवणाच्या सुती दोऱ्याने गळाला बांधावा. बोयीसाठी कणीक घट्ट मळावी आणि तीत थोडा कापूस मिसळावा, म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. आमिष नेहमी सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवावे, आणि हाताला साबणाचा किंवा तेलाचा वास नसावा. माशाच्या नाकपुड्यांचा श्वासाशी संबंध नसतो. त्या केवळ वासासाठी असतात. पाण्याला लागलेला वास त्याला सहज कळतो.

ही सारी विद्या दूरध्वनीवरून दिल्लीला पोचली असली तरी हाताला सवय हवी. म्हणून गेल्या रविवारी जवळच्या आय.एन.ए. मार्केटमधून बर्फातली कोळंबी आणि माकूळ आणले. गळाचे टोक घासून बोथट केले, आणि ओट्यावर कन्येचा अभ्यास झाला. उरलेल्या कोळंबीचे कालवण झाले, हे सांगायला नकोच.

वेळेचे गणितही बाबांनी शिकवले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. दसरा म्हणजे दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पाणी भरणार, तर साडेपाचला जेटीवर असावे, कारण चढत्या पाण्याबरोबर मासे चरायला काठाजवळ येतात. शिवाय अष्टमी नुकतीच गेलेली असल्याने भांगाचे दिवस असतात. उधाणाइतकी ओढ पाण्याला नसते. लहान मुलांच्या पहिल्या खेपेस हे चांगले.

काही पथ्ये कन्येने वहीत लाल शाईने लिहिली आहेत. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते, म्हणून त्याला मोठ्या माणसानेच सोडवावे. पोट फुगवणारा केंड लागला तर तो खाऊ नये. त्याचे विष शिजवल्याने जात नाही. लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावा. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नये, पक्षी त्यात अडकतात. आमिष लागेल तेवढेच घ्यावे. खडकावरची सगळी कालवे आपल्या एका सकाळीसाठी खरवडू नयेत.

ही वही मराठीत आहे, याचे मला विशेष वाटते. शाळेत हिंदी आणि इंग्रजी लिहिणाऱ्या या मुलीला एरवी मराठीचे पान लिहायला बसवणे सोपे नसते. 'तंगूस', 'भांग', 'केंड' हे शब्द मी तिला शिकवू पाहिले असते तर तिने कंटाळून मान फिरवली असती. येथे तिला त्या शब्दांची गरज पडली, आणि रोज संध्याकाळी आजोबांना दूरध्वनी करायची आठवण तिलाच होऊ लागली.

मासा लागेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. वाटणी मात्र ठरली आहे. बाबांच्या हातून आता गाठ बसत नाही, म्हणून गळाची गाठ नातीने मारायची. आमिष कोणते लावायचे ते आजोबांनी सांगायचे. दाराच्या कडीला तंगूस अडकवून तिने ती गाठ पक्की केली आहे. मी कोठे बसायचे याविषयी अजून कोणी काही बोललेले नाही. तरी रत्नागिरीला पोचल्यावर माळ्यावरून तीन गळ काढून ठेवा, असे मी बाबांना सांगितले आहे. आणि ते "बरं" म्हणाले आहेत.