गारठलेला संगणक

आमचा संगणक पंधरा वर्षांचा. म्हणजे त्याच्या जातीत माझ्याहून बराच थोरला. गेल्या डिसेंबरात त्याने सकाळी उठणेच सोडले. बटण दाबले की पंखा अर्धा वेढा घेई आणि सारे सामसूम. उन्हे तापल्यावर मात्र पहिल्याच हाकेला ओ देई. "अगदी मालकावर गेलाय!" इति आमची ही.

मला हसू आले नाही. वडिलांनी शेवटच्या आजारात सांगितलेल्या आठवणी त्याच्या पोटात होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत करायचा आळस मी चार वर्षे केला होता! भीतीने मी तो रात्रंदिवस चालूच ठेवला. एका पहाटे वीज गेली.

दुकानदार म्हणाला, "नवा घ्या." शेजारचे अण्णा एके काळी रेडिओ दुरुस्त करीत. त्यांनी मुलीचे केस वाळवायचे यंत्र मागितले, प्लग काढून वीजपुरवठ्याच्या पेटीच्या जाळीतून दोन मिनिटे गरम वारा सोडला, प्लग लावून बटण दाबले, आणि स्वारी जागी झाली!

"कपॅसिटर म्हातारे झालेत," अण्णा म्हणाले. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. उरलेला थंडीत घट्ट होतो, रोध वाढतो आणि पुरवठा डळमळतो. ऊब मिळाली की वेळ निभावते. (ती पेटी आपण उघडू नये; प्लग काढल्यावरही आत झटका दबा धरून असतो.)

अण्णांनी पेचकस उचलला. "थांबा," मी म्हणालो, आणि आधी दोन प्रती उतरवून घेतल्या. एक हिने मुकाट्याने दागिन्यांच्या डब्यात ठेवली.