दुसऱ्याचं पत्र

श्याम बेनेगल यांचा ‘वेलकम टू सज्जनपूर’ सप्टेंबर २००८ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा दिल्लीतल्या आमच्या सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवलच वाटलं. ‘अंकुर’, ‘निशांत’सारखे गंभीर चित्रपट देणारे ७३ वर्षांचे बेनेगल आता विनोदी चित्रपट काढतात! त्यातून नायक आपला श्रेयस तळपदे. आई, बाबा आणि मी रविवारी तो पाहून आलो.

सज्जनपूरचा महादेव बी.ए. झालेला. कादंबरीकार व्हायचं स्वप्न, पण पोटासाठी गावातल्या निरक्षर लोकांची पत्रं लिहितो. मंगळ असलेल्या मुलीचं लग्न कुत्र्याशी लावू पाहणारी मावशी, निवडणुकीला उभी राहिलेली मुन्नीबाई... थिएटरात हशा थांबत नव्हता. मात्र महादेव कमलाची पत्रं लिहू लागला आणि आई गप्प झाली. कमलाचा नवरा मुंबईत राबतोय. महादेवाचा जीव तिच्यावर जडलेला. तो तिच्या पत्रातला मजकूरच फिरवतो आणि नवरा-बायकोत दुरावा आणतो. ती बिचारी विश्वासाने पाहत राहते.

आई गप्प का, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बिहारच्या बाईंची पत्रं आईच लिहायची. नवऱ्याचं काम सुटलेलं असलं, तरी त्या सांगायच्या, ‘‘लिहा, आम्ही मजेत आहोत.’’ आई तेच लिहायची आणि चिकटवण्याआधी सगळं पत्र वाचून दाखवायची. एकदा गावाहून त्यांची आई आजारी असल्याचं पत्र आलं. मी लहान होते. म्हटलं, ‘‘आई, आज नको ना सांगूस.’’ आई म्हणाली, ‘‘पत्र त्यांचं आहे, आपलं नाही.’’ तिने ते अक्षरन् अक्षर वाचलं, मग चहा ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.

बेनेगल डिसेंबर २०२४ मध्ये गेले. सरोजिनीनगरची बरीचशी जुनी क्वार्टर्सही पाडली गेली. घरोघरी मोबाइल आले, पत्रं थांबली. पण बँकेचा मेसेज, दवाखान्याचा कागद, शाळेची सूचना घेऊन ‘‘ताई, यात काय लिहिलंय?’’ असं विचारणारं कुणीतरी आजही आपल्या दाराशी येतं. अशा वेळी हातातलं काम बाजूला ठेवावं आणि जे लिहिलंय, ते सगळं वाचून दाखवावं.