पाण्यानं दळलेलं पीठ

घाटकोपरला आमच्या गल्लीतली गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी बारीक थरथरते. विजेवरचं ते दळण ऐकताना मला औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवते.

खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. हे सूफी संत मध्य आशियातून दख्खनेत आले. त्यांच्या ठिकाणी फकीर, वाटसरू, विद्यार्थी यांचा राबता असे. एवढ्या पानांना रोज पीठ पुरवायचं, तर जातं ओढायचं कुणी? पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला विचारा, खांद्यांचं काय होतं ते. इथे तो भार पाण्यानं उचलला.

पाणी येतं काही किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्यातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून. पंप नाही, फक्त उतार. नळात कोंडलेलं पाणी उगमाची उंची गाठू पाहतं, म्हणून ते चक्कीजवळच्या मनोऱ्यात आपसूक चढतं. तिथून खाली झेपावून पात्यांवर आदळतं आणि त्या जोरावर वरचा दगड फिरतो. या शहराला नहरींची, म्हणजे अशा जमिनीखालच्या जलमार्गांची, सवय सतराव्या शतकात मलिक अंबरनं लावली. पाणचक्की त्याच शहाणपणाचं अपत्य.

पण माझ्या मते खरी प्रतिभा दळण झाल्यानंतरची आहे. दळलं म्हणून पाणी संपत नाही. समोरच्या मोठ्या हौदात ते पसरतं, कारंज्यांत खेळतं. हौदाखाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वर पाणी, खाली गारव्यात टेकलेली माणसं! मग ते पाणी खामकडे निघून जातं. एकाच धारेनं पीठ दिलं, गारवा दिला, डोळ्यांना सुख दिलं.

आमच्या घाटकोपरवरूनही तानसा तलावाच्या जाडजूड जलवाहिन्या जातात. तानसाचं पाणी मुंबईला १८९२ पासून मिळतंय. आम्ही त्या जलवाहिन्यांकडे मान वळवूनही पाहत नाही.

वेरूळला निघालात तर पाणचक्कीला घाईघाईनं उरकू नका. चाक पाहून झालं की मनोऱ्यापाशी थांबा, आणि पाणी कुठून येतं ते तिथल्या माणसांना विचारा. नहर बुजली तर चक्की नुसता दगड उरेल. जपायची आहे ती आधी नहर.